आधी कारण, मग पडणं

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, स्वयंपाकघराच्या दारातलं पायपुसणं सरकतं.

हसू नकोस. विषय गंभीर आहे. इतकी वर्षं ते पायपुसणं दाराशी समांतर, भिंतीपासून हातभर अंतर राखून, एखाद्या समाधिस्थ ऋषीसारखं पडून होतं. हल्ली त्याला पाय फुटले आहेत. सकाळी मी ते जागेवर ठेवून कॉलेजात जातो, आणि संध्याकाळी येतो तेव्हा ते तिरकं होऊन थेट वाटेत आलेलं असतं. अचेतन वस्तूला स्वतःहून गती येत नाही, हे मी संस्कृतच्या वर्गात जन्मभर शिकवत आलो. आता घरातच अपवाद निघाला तर कुठल्या तोंडाने शिकवू?

तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही पाय पुसता तेव्हा सरकत असेल." मी म्हटलं, "मी कुठे पाय पुसतो?" हे वाक्य मला फार महागात पडलं. ते असो.

पण पायपुसणं एकटं नाही, त्याची टोळी आहे. न्हाणीघरातली बादली दारापुढे येऊन बसते. बाहेर टळटळीत ऊन असताना जिन्याच्या पायथ्याशी छत्री आडवी पडलेली असते. अप्पांच्या पलंगापासून खिडकीकडे जायच्या वाटेत ते ठेंगणं स्टूल उभं असतं. घरात माणसं तीन. मी नाही, तुझी वहिनी नाही. शेष राहिले आपले तीर्थरूप.

परवा रविवारी ते त्याच पायपुसण्यावरून पडले. म्हणजे अगदी साग्रसंगीत. दारातून आत आले, एक पाय मागेच राहिला, दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरले आणि धप्पकन बसले. मग मान वळवून त्यांनी पायपुसण्याकडे असं पाहिलं, की ते जणू शत्रूला फितूर झालेला जुना नोकर. त्याला बोट दाखवून दम भरला. मला खूण करून खुंटीवरची टोपी मागितली, घातली, आणि उचलून आम्हाला सलाम केला. घरचा कायदा तुला ठाऊकच आहे: कोणी पडलं की टाळ्या वाजवायच्या, आणि 'लागलं का?' असं जन्मात विचारायचं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुझ्या वहिनीला तर हसून ठसका लागला. मीही हसलो, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. शहात्तराव्या वर्षी हा उत्साह कुठून?

दुसरी गोष्ट पिंपकाकांची. रंगमंचावर अप्पांच्या जोडीला जन्मभर उभं राहिलेलं ते पिंप सध्या रोज दुपारी आपल्याकडे घरंगळत येतं. खोलीचं दार आतून बंद. आतून 'धप्प' असा आवाज, मग शांतता, मग पिंपकाकांचा खोकला, मग पुन्हा 'धप्प'. मी अप्पांना विचारलं, काय चाललंय? म्हणाले, "पत्ते खेळतो." पत्ते इतक्या आवाजात पडतात हे नव्याने कळलं.

कुठेतरी पाणी मुरतंय. तुझा यात हात नाही ना? फोनवरच विचारलं असतं, पण फोन अप्पांच्या उशाशी आहे, आणि मुक्या खेळांत आयुष्य घालवलेल्या माणसाचे कान फार तिखट असतात.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

पायपुसण्याची वार्ता वाचून मन विदीर्ण झालं. (बघ, तुझी भाषा मलाही येते.)

अरे, अप्पा आहेत ते! ज्या माणसाने तरुणपणी थेटरात सिनेमाच्या यंत्राशेजारी उभं राहून जुने मूकपट पाहिले, कुठला विदूषक कुठल्या पायावर भार टाकून घसरतो हे ज्याला पाठ, त्याच्या घरातलं पायपुसणं सरळ राहील कशाला? त्या पडद्यावरच्या मुक्या मंडळींनीच आपलं घर चालवलं. शिडीवर अप्पा, खाली शिडी धरायला पिंपकाका, आणि पिंपकाकांना ऐन वेळी शिंक येणार. तो खेळ मी खुर्चीवर उभी राहून किती वेळा पाहिला असेन!

माझ्या मूकाभिनयाच्या वर्गातल्या मुलामुलींनी ते मूकपट पाहिलेलेच नाहीत. पण मी शिकवते ते अप्पांचं, आणि अप्पांचं ते त्या मुक्यांचं. काल एक मुलगी दारात अडखळली आणि पडता पडता आधी टोपीला हात लावला. मी थिजले. हुबेहूब अप्पा! तिने अप्पांना पाहिलेलंसुद्धा नाही. मी पहिल्याच दिवशी फळ्यावर अप्पांचा नियम लिहिते: आधी कारण, मग पडणं, आणि टोपी शेवटपर्यंत डोक्यावर. घसरायची वस्तू लोकांना आधी दिसली पाहिजे. लोकांना ठाऊक आणि पडणाऱ्याला नाही, म्हणून तर हसू येतं. मी लहानपणी उगाच लोळण घेतली की अप्पा म्हणायचे, "कशावरून पडलीस ते मला दिसलं नाही. ऊठ, परत पड."

तू मात्र कधी पडला नाहीस. म्हणून तर संस्कृतकडे गेलास.

आता खरं सांगते. तुझं 'शहात्तराव्या वर्षी' मला खटकलं. हा सूर मी ओळखते. टेकडीवरच्या त्या वृद्धनिवासाची चौकशी तू करून आलास, हे वहिनीकडून कळलं. पायपुसण्याच्या आडून अप्पांचं बस्तान हलवायचा बेत तर नाही ना? तसं असेल तर सरळ लिही. मग मीही सरळ लिहीन.

बाकी माझा कशात हात असणार? नव्या खेळाच्या तालमींत मी गळ्यापर्यंत बुडालेय. जाता जाता, अप्पा जिना अजून कठडा न धरता चढतात ना? सहज विचारतेय.

तुझी,
भिंगरी

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

ताकाला जाऊन गाडगं लपवायची तुझी सवय गेली नाही. चार पानांचं पत्र लिहायचं, त्यात माझ्या संस्कृतचा उद्धार करायचा, आणि शेवटच्या ओळीत 'सहज' जिना! तू आयुष्यात सहज काही विचारलेलं मला आठवत नाही.

प्रथम वृद्धनिवासाचं. ती चौकशी पिंपकाकांसाठी होती. ते एकटे राहतात आणि पावाला बुरशी आली तरी त्यांना दिसत नाही. तिथल्या बाईंनी मला बसायला सांगून विचारलं, "स्वतःसाठी का?" हा अपमान गिळून मी परत आलो. तुझी वहिनी बातमी देते, पण अर्धीच. उरलेली अर्धी तू स्वतः शिजवतेस.

आता माझा तपास. पहिलं: अप्पा जिना चढताना कठडा धरत नाहीत, भिंतीला हात लावून चालतात. मी पाहतोय असं दिसलं की भिंतीवर टकटक करून म्हणतात, "पोकळ झालीये." दुसरं: गुरुवारी ते जिन्याच्या पायथ्याशी छत्रीवरून पडले. तोच प्रकार. पडले, वळले, छत्रीला दम भरला. टाळ्या झाल्या. तिसरं: मी दाराला कान लावला. हो, लावला. विद्वान माणसाने असं करू नये हे मला ठाऊक आहे, पण विद्वान माणसाच्या घरात धप्पधप्प तरी का व्हावं? आत पिंपकाका म्हणत होते, "उशीर झाला. मागे बघ, मग रागव. परत." आणि पुन्हा 'धप्प'.

चौथं आणि निर्णायक. मी कोट घ्यायला शिंप्याकडे गेलो, तर तिथे अप्पांचा तो जुना काळा शेपटीवाला कोट टांगलेला. शिंपी म्हणाला, "खांद्यात आत घ्यायला दिलाय. एप्रिलच्या आत हवा म्हणाले. बहिणीचं लग्न आहे का तुमच्या?" माझी एकुलती बहीण पंचेचाळीस वर्षांची असून तिला लग्नाचं वावडं आहे, हे त्याला कशाला सांगू?

पण एप्रिलमध्ये त्या बहिणीचा नवा खेळ आहे. आणि अप्पांनी पिंपकाकांकरवी माळ्यावरची शिडी खाली काढली आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असतेच, एवढं तर्कशास्त्र मला येतं. बोल.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

बरं. बोलते.

हो, मीच बोलावलंय. खेळ एप्रिलमध्ये आहे. सबंध खेळात एकही शब्द नाही. एका रिकाम्या थेटरात साफसफाई करायला आलेली माणसं आणि त्यांना सापडलेली एक शिडी, एवढीच गोष्ट. शेवटी शिडीवर अप्पा. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "शिडी माझी. दुसऱ्या कोणाला चढवू नकोस." त्यांचा आवाज कसा झाला होता ते तुला सांगून कळणार नाही. त्यांनीच बजावलं होतं, दादाला सांगू नको, तो विमा काढेल.

तुझ्या परवानगीची गरज नव्हती म्हणून नाही विचारली. तू त्यांना शाल पांघरून खिडकीशी बसवशील आणि त्याला सेवा म्हणशील. माणूस म्हातारा झाला की त्याच्यातला कारागीर आधी मारायचा आणि मग उरलेल्याला सूप पाजायचं, हे मला पटत नाही. माझ्या मंडळींना एकदा तरी डोळ्यांनी बघू दे, ते जे करतात ते कुठून आलं. थेटरातलं ते यंत्र गेलं, रिळं गेली. आता फक्त अप्पांच्या अंगात ते शिल्लक आहे.

तेव्हा धप्पधप्प म्हणजे तालीम. झालं समाधान?

एक मात्र कळलं नाही. "मागे बघ, मग रागव" हे तू नीट ऐकलंस ना? शिडीच्या खेळात मागे बघून रागवायचं कुठेच येत नाही. आणि रविवारी स्वयंपाकघराच्या दारात अप्पा पडले तेव्हा टोपी खुंटीवर होती असं तू लिहिलंयस. खरंच खुंटीवर होती, की तुला आपलं वाक्य सजवायला हवी होती? पडायच्या आधी त्यांनी पायपुसण्याकडे पाहिलं होतं का? तिथून आत्ताच उठलास असं समजून, अलंकार न घालता लिही.

भिंगरी

२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अलंकाररहित उत्तर: टोपी खुंटीवर होती. पायपुसण्याकडे त्यांनी आधी पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत येत होते. "चहा झाला का" असं विचारत होते. 'का' राहून गेला.

गुरुवारीही टोपी नव्हती. छत्रीकडेही आधी पाहिलं नव्हतं. टोपीचं तुला एवढं काय?

आता सालंकार. तू परस्पर माझ्या वडिलांना शिडीवर चढवायला निघालीस, आणि मी कोण, तर विमा काढणारा! मी त्यांच्याबरोबर एका घरात राहतो. रोज सकाळी त्यांचा खोकला ऐकून आजचा दिवस कसा जाईल ते मला कळतं. तू वर्षातून दोनदा येतेस, त्यांच्यासोबत अंगणात लोळतेस आणि जाताना मला म्हणतेस, "अप्पा अजून किती लवचीक आहेत!" लवचीक माणसं तुझ्यासमोर असतात. तू गाडीत बसलीस की ती दोन दिवस पलंगावर असतात.

हे तुला कळवणार नव्हतो. पण आता पत्रं खरी लिहायची ठरलीच आहेत.

तालीम बंद करायचा मार्ग मात्र मला सापडला आहे. कारण नाहीसं केलं की कार्य होत नाही, हा सिद्धान्त. आज मी घरभर फिरून पायपुसणं, बादली, छत्री, स्टूल, दिवाणखान्यातला गालिचा आणि तीन अनोळखी चपला उचलून माळ्यावर टाकल्या. घर असं मोकळं झालं आहे की आवाज घुमतो. अप्पा दारात उभं राहून हे पाहत होते. शेवटी म्हणाले, "ते स्टूल तेवढं राहू दे." मी म्हटलं, "का?" म्हणाले, "बसायला." मी म्हटलं, "बसायला चार खुर्च्या आहेत." मग भिंतीला हात लावून खोलीत गेले.

बघू आता कशावरून पडतात.

दादा

१ मार्च

दादा,

सगळं होतं तिथे परत ठेव. आधी ठेव, मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी तालमीच्या जागी उभ्याने वाचलं आणि मग तिथेच खाली बसले. नीट ऐक. ज्याला मुद्दाम पडायचं असतं तो एकच वस्तू मांडतो, कारण आपण कुठे पडणार हे त्याला ठाऊक असतं. घरभर, प्रत्येक वाटेवर वस्तू कोण मांडून ठेवेल? ज्याला आपण कुठे पडणार हे ठाऊक नाही तो.

अप्पा टोपीशिवाय कधी पडलेले नाहीत. एकदाही नाही. कारण आधी न दाखवता कधी पडलेले नाहीत. ते आता आधी पडतात आणि मग कारण शोधतात. तुला ते सापडावं म्हणून ते हाताशी ठेवलेलं असतं. "उशीर झाला. मागे बघ, मग रागव." पिंपकाका त्यांना शिडी शिकवत नव्हते, दादा. खरं पडणं खोटं कसं दाखवायचं ते शिकवत होते.

आणि आपण टाळ्या वाजवतोय.

डॉक्टरांना गाठ. मी सांगितलं असं म्हणू नकोस. मी त्यांना शिडी दिली म्हणून ते हे लपवतायत, हे मला दिसतंय. तू लिहू नकोस ते.

भिंगरी

४ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र दुपारी आलं. अप्पा सकाळीच पडले होते.

दिवाणखान्यात. गालिचाही नव्हता. मी समोर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. ते खिडकीकडे निघाले, डावा पाय आला नाही. हात फिरले, बसले, आणि सवयीने मागे वळून बोट उगारलं. मागे लखलखीत फरशी. रागवायला काहीच नव्हतं. ते बोट तसंच हवेत राहिलं, भिंगरे. फरशीवर इकडून तिकडे फिरलं, काहीतरी शोधल्यासारखं, आणि मग माझ्याकडे वळलं.

तुझी वहिनी स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवत बाहेर आली. मला पाहून थांबली.

मी विचारलं, "लागलं का?"

आपल्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा उच्चारला गेला. वेदाध्ययन करणाऱ्याचा स्वर चुकावा तसं वाटलं. अप्पांनी उलट मलाच विचारलं, "कधी कळलं?" मी म्हटलं, "आत्ता." म्हणाले, "म्हणजे आधीचे प्रयोग बरे झाले."

दुपारी पिंपकाका आले. मी दारातच धरलं. ते पिंप रडतं हे मला ठाऊक नव्हतं. "डिसेंबरात पहिल्यांदा पडला. मला म्हणाला, पोरांना कळलं तर शिडी जाईल. मागे वळायला त्याला उशीर व्हायचा, तेवढंच आम्ही बसवत होतो. जन्मभर मी शिडी धरली रे. आता नाही कसं म्हणू?" मग डोळे पुसून म्हणाले, "छत्रीचा प्रयोग मात्र सुंदर झाला होता." मी हो म्हटलं. झालाच होता.

डोंगरावर धूर म्हणजे आग, हे मी शिकवतो. आग झाकायलाच कोणी मुद्दाम धूर करेल, हे आमच्या शास्त्रकारांना सुचलं नाही. त्यांनी मूकपट पाहिले नव्हते.

उद्या डॉक्टर. स्टूल परत ठेवलं आहे. पायपुसणंही. तिरकं.

दादा

१३ मार्च

भिंगरी,

दादाने सगळं लिहिलं असेलच. लांबलचक. मी थोडक्यात लिहितो. हात हलतो.

डॉक्टरचं म्हणणं, डोक्याचा निरोप पायाला उशिरा पोचतो. पुढे आणखी उशिरा पोचेल. औषध आहे, पण ते उशीर करण्याला उशीर करणार, एवढंच. डॉक्टर तरुण आहे. बोलताना आधी चष्मा काढतो, मग वाईट सांगतो. कारण आधी दाखवतो. चांगला आहे.

शिडी तुला दिली. त्या टोपीवाल्या मुलीला चढव. शिंक पिंप्या शिकवेल. तो म्हणतो, मी येतो.

मला खुर्ची दे. साधी, हात नसलेली. रंगमंचाच्या मधोमध, कोट घालून, टोपी घालून बसतो. तुझी सगळी मंडळी माझ्या आजूबाजूला पडू देत. बादलीत, शिडीवरून, एकमेकांवर. खुर्चीचा एक पाय आखूड कर. लोकांना तो आधी दाखव. मग त्यांना वाटेल, आता हा पडणार. मी डुलेन, पण पडणार नाही. शेवटपर्यंत नाही. थेटरात यंत्राशी उभा असताना मी पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघायचो. सगळ्यांत मोठा हशा पडण्याला नसायचा. पडता पडता राहण्याला असायचा.

हे मला आजवर कधी जमलं नाही. मी नेहमी पडून मोकळा व्हायचो.

दादाला 'लागलं का' विचारायची नवीन खोड लागली आहे. चमचा पडला तरी विचारतो. त्याला आवर.

अप्पा

२ एप्रिल

चि. भिंगरीस,

तक्रार नोंदव: तीर्थरूपांनी स्वयंपाकघरातल्या एका निरपराध खुर्चीचा पाय कापला आहे. करवत पिंपकाकांनी आणली. त्या खुर्चीवर काल मी नकळत बसलो आणि घराण्याच्या इतिहासात प्रथमच पडलो. चहासकट. तुझ्या वहिनीने टाळ्या वाजवल्या. अप्पांनी मात्र माझ्याकडे गंभीरपणे पाहून विचारलं, "लागलं का?" आणि मग इतके हसले की पिंपकाकांना त्यांना धरावं लागलं.

तालीम आता दार उघडं ठेवून होते. खुर्ची कलते, सगळ्यांना वाटतं गेले, आणि ते कसे कोण जाणे तिथेच तरंगत राहतात. मी हे रोज पाहतो. कापलेला पाय मला ठाऊक आहे, पुढे काय होणार तेही ठाऊक आहे, तरी दर वेळी मी हातातलं वर्तमानपत्र चुरगाळतो. तू लिहिलं होतंस ना, की ते फक्त त्यांच्या अंगात शिल्लक आहे? परवा बसमधून उतरताना माझा पाय घसरला आणि माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. मी टोपी घालत नाही. तुझा हिशेब थोडा चुकला आहे.

आम्ही आदल्या दिवशी पोचतो. कोट खांद्यात नीट बसला आहे. शिंपी लग्नाच्या शुभेच्छा देतो.

एकच अडचण आहे. शेवटी ते खुर्चीतून एकटे उठून टोपी उचलणार म्हणतात. कोणी हात द्यायचा नाही. हे त्यांनी तुझ्याशी ठरवलं असल्याचं सांगितलं. पिंपकाकांशीही ठरवलं आहे म्हणाले. त्यांच्या ठरवण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. मी कान देऊन ऐकतो आहे, पण आता दार उघडं असतं आणि ऐकण्यासारखं काहीच नसतं.

पहिल्या रांगेत इतक्या जागा असताना मला कडेचीच का हवी, असं तू विचारलंस. तिथे पाय पसरता येतात, असं उत्तर लिहिलं होतं. ते खोडलं. खरं म्हणजे कडेच्या पायऱ्यांवरून रंगमंचावर लगेच चढता येतं. अप्पा उठताना पडले तर सगळं थेटर टाळ्या वाजवेल. तुम्ही लोकांना तासभर त्याच पडण्यासाठी ताटकळत ठेवलेलं असेल. अप्पा उठणार नाहीत आणि टाळ्या थांबणार नाहीत. 'लागलं का' विचारणारा तिथे मी एकटाच असेन. पहिल्या दोनदा माझ्या डोळ्यांदेखत ते खरे पडले आणि दोन्ही वेळा मी हसलो. तिथेही मला वेळेत कळणार नाही, अशी मला भीती वाटते.

दादा